सिंहासनमहालाची ओली भिंत

एका राज्यात पाऊस चार महिने पडे, पण राजवाडा बारा महिने भिजे. सिंहासनमहालाची उत्तरेची भिंत ऐन वैशाखातही पाझरे. तिला पांढरा खारट लोणा चढला, गिलावा फुगला, तुळया कुजू लागल्या. राजाच्या आजोबांच्या काळापासूनचा मांत्रिक वक्रनाभ बजावी, "भिंत शापित आहे. फोडील तो दगड होईल." म्हणून सतरा गवंडी आले आणि वरून चुना फासून गेले.

मग राजा चंद्रकेतूने सगुणा गवंडिणीला बोलावले. तिने भिंतीवर थापी वाजवली, कान लावला, लोणा जिभेवर घेऊन पाहिला. कोनाड्यात एक खंड्या बसला होता. सगुणाला नवल वाटले. मासे खाणारा पक्षी महालात कसा?

"पक्षीराजा, हे पाणी कुठले?"

"आभाळाला विचार, भुईला विचार, मग भिंतीला विचार," खंड्या म्हणाला.

सगुणा छपरावर चढली. कौल न् कौल उचलले, वासे खडखडीत. पायाशी पुरुषभर खणले, माती कोरडी. मग तिने भिंतीवर हात फिरवला. छातीच्या उंचीला एक चिरा गारेसारखा थंड लागला.

"महाराज, पाणी इथेच जन्मते. फोडावे लागेल."

"आणि शाप?"

"भिंत पडली तर सारे दबतील. शाप लागला तर मी एकटी."

पहिल्या घावाला तिची बोटे दगडाची झाली, दुसऱ्याला मनगट. आत काय असेल, हे कुतूहल भीतीहून मोठे होते. तिसऱ्या घावाला कोपरापर्यंत हात दगडाचा झाला, आणि चिरा निखळला.

आत जलकन्या बसली होती. पायाशी मोहरांचा हंडा. तिने राजामागे उभ्या वक्रनाभाकडे बोट दाखवले.

"राजा, तुझ्या आजोबाने आणि या वक्रनाभाने मला धन राखायला इथे चिणले. मी बसते तिथे झरा फुटतो. मला नदीची वाट दे."

राजाने मान खाली घातली आणि स्वतः कुदळ उचलली. दिवस कलेपर्यंत नदीपर्यंत चर खणला गेला. जलकन्या निघाली, हंडा तिच्यामागे घरंगळत गेला. जाताना तिने सगुणाच्या हाताला स्पर्श केला, तसा तो पुन्हा हाडामांसाचा झाला. शाप उलटला आणि वक्रनाभ जागच्या जागी चिरा झाला. सगुणाने तोच पोकळीत बसवला.

"आता लगेच गिलावा कर," राजा म्हणाला.

"नको, महाराज. शाप क्षणात सुटतो, ओल सुटत नाही. लोणा खरवडू द्या, खिडक्या उघडा, दोन ऋतू वारा खेळू द्या."

राजाने वाट पाहिली. तिसऱ्या ऋतूत तिने चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर मळून गिलावा चढवला. त्या भिंतीला टेकून राजा न्यायाला बसला. पाठ कोरडी राहिली. तशीच ऐकणाऱ्यांची घरेही कोरडी राहोत.