बिनआवाजाचा पंखा

"मशीन गार करायला हवेवरचा कूलर घेऊ का पाण्यावरचा, चाचा? तेवढं एक सांगा."

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या मदरबोर्डवरची धूळ दाढीच्या ब्रशने झाडत होते.

"हळू बोल," ते म्हणाले.

मी काही हळू बोललो नाही. त्या काळात मला हळू बोलताच येत नसे. आज हे लिहिताना कानशिलं गरम होतात.

इचलकरंजीत दस्तगीरचाचांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, मधे पडदा. त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. त्यांच्याच टेबलापाशी दोन वर्षं बसून मी हे काम शिकलो. तिसऱ्या वर्षी मला वाटायला लागलं की आता यांनाच मी चार गोष्टी शिकवाव्यात. मग जाणं सोडलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ना... तो मी.

त्या दिवशी आठ महिन्यांनी गेलो, तोही मशीन खांद्यावर घेऊन. सल्ला मागायचा होता. त्याहून जास्त, दाखवायचं होतं.

"प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय," मी म्हणालो. "कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या लई वर पळतोय. आमच्या ऑनलाइन ग्रुपात माझा स्कोअर तिसरा हाय, चाचा. तिसरा!"

"बरं."

"पण तापतोय. सहा पंखे लावलेत, तरी नव्वद डिग्रीच्या खाली येत न्हाई. आणि पंखे असले बोंबलतात..."

"मग?"

"मग व्हिडिओ करताना माईकात तोच आवाज येतोय. लोक खाली लिहितात, विमानतळावर राहतोस काय रं."

चाचांनी ब्रश खाली ठेवला.

"म्हणजे तुला पायजे काय?"

"गार बी राहिला पायजे, आवाज बी नको. आणि वेग हाय तेवढाच पायजे."

एप्रिलची दुपार होती. चाचांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांच्या टेबलावरचा पंखा जागेवर नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"पंखा विकला काय चाचा? गार करायचा सल्ला मागायला आलो, आणि तुम्हीच घामाघूम!"

"आत लावलाय."

"आत कुणाला?"

 चाचांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"मोठा पंखा घे," थोड्या वेळानं म्हणाले. "हळू फिरणारा. बारका पंखा तेवढीच हवा द्यायला जीव तोडून फिरतोय, म्हणून बोंबलतोय. पाण्यावरचं बी चालंल, पण त्याचा पंप गुणगुणतोय."

"आणि वेग?"

"वेग जरा खाली आण."

"खाली? मग माझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?"

चाचांनी रुमाल खिशात ठेवला.

"आवाजाचा तरास कुणाला होतोय?"

"सांगितलं की. माईकाला."

"आणि?"

"व्हिडिओ बघणाऱ्यांना."

"आणि?"

"आणि कुणाला? घरात आम्ही दोघंच. बाबा रात्रभर यंत्रमागावर. आता दिवसा बी ते घरी नसतात."

"आता..."

त्यांनी माझ्या वाक्यातला तेवढाच शब्द उचलला आणि हातात धरून बसले. मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. बाबा यंत्रमागावर रात्रपाळी करायचे. सकाळी येऊन, चहा पिऊन खाटेवर आडवे व्हायचे. खाट आणि माझं टेबल यांत एक हाताचं अंतर. दिवाळीनंतर एकदा ते म्हणाले, "मालकानं शेडशेजारी खोली दिलीया. गार हाय. दिवसा तिथंच पडत जाईन."

मी म्हणालो, "बरं झालं."

त्याच दुपारी मी त्यांची खाट उचलून बोळात उभी केली, आणि त्या जागी कॅमेऱ्याचा स्टँड लावला.

"थांबा, ऐकवतोच तुम्हाला," मी मशीन टेबलावर ठेवत म्हणालो. "म्हणजे कळंल किती आवाज हाय."

"नको," चाचा म्हणाले.

"एकच मिनिट."

"हितं नको, प्रज्योत..."

मी बटण दाबलं. वेगाची चाचणी लावली. सहाच्या सहा पंखे चढत गेले, आणि खोली त्या आवाजानं भरून गेली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाही तो आवाज आवडला होता. त्यात माझा तिसरा नंबर ऐकू येत होता.

सत्तरीचे चाचा गुडघ्यावर हात टेकून उठायचे. त्या वेळी ते ताडकन उठले आणि त्यांनी भिंतीतून प्लग उपटला.

मी बघतच राहिलो. चालू मशीनचा प्लग उपटला म्हणून याच माणसानं पहिल्या आठवड्यात माझ्या हातावर फटका मारला होता.

"चाचा, चालू मशीन असं..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पडद्यामागे खाट करकरली. कुणीतरी खोकलं. कोरडा, सुताची तूस छातीत बसलेल्या माणसाचा खोकला. इचलकरंजीत असा खोकला घरोघरी आहे. पण हा खोकला मी जन्मापासून ऐकत आलो होतो.

"कुणी..." माझा आवाज आपोआप खाली आला. "आत कोण हाय?"

"सांगणार न्हाई, असा शब्द दिलाय मी," चाचा कुजबुजले. "म्हणून सांगत न्हाई."

आणि त्यांनी पडदा वीतभर बाजूला केला.

बाबा झोपले होते. मोडक्या मॉनिटरांची थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये एक आखूड खाट. पाय लांब करायला जागा नव्हती, म्हणून गुडघे पोटाशी. केसांत पांढरी तूस. पायाशी चाचांचा पंखा, सगळ्यात कमी वेगावर. एक हात खाटेबाहेर लोंबत होता. त्याच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला नख नव्हतं.

ते बोट मी दिवाळीच्या आधी पट्टीत बघितलं होतं. म्हणजे, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. "दोरा कापताना लागलं," बाबा म्हणाले होते. मी स्क्रीनवरून मान वळवली नव्हती.

"तीस वर्षांत मागावर त्यांना कधी लागलं न्हाई," मी पुटपुटलो.

"झोप झालेल्या माणसाला लागत न्हाई," चाचा म्हणाले.

मला लाज वाटली.  आणि ती केवळ पंख्यांच्या आवाजाची नव्हती. बावीस वर्षं मी या गावात राहतोय. कुठला मागवाला कामगाराला झोपायला गार खोली देतो, हे मला माहीत नव्हतं होय? माहीत होतं. ते म्हणाले तेव्हाही माहीत होतं. पण ते खोटं माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं धरलं आणि खाट बोळात नेऊन ठेवली.

"कधीपासनं येतात?"

चाचांनी हातानं, हळू बोल, अशी खूण केली.

"मला का न्हाई बोलले? एकदा ओरडायचं की माझ्यावर..."

चाचा माझ्या कानाशी वाकले.

"तो म्हणतो, पोराचं काम मोठं हाय. त्याला मशीन बंद करायला लावू नका."

माझं काम! मला पुढचं ऐकवेना. असं वाटलं, त्यांनी मला काठीनं बडवलं असतं तर बरं झालं असतं. ज्या ग्रुपातली माणसं एकमेकांची नावंसुद्धा जाणत नाहीत, त्यातला तिसरा नंबर. त्यासाठी माझा बाप दुसऱ्याच्या दुकानात, भंगाराच्या थप्पीआड, पाय दुमडून झोपत होता. आणि तिथंही मी मशीन घेऊन आलो होतो.

माझे डोळे भरून आले. मी चपला काढल्या आणि पडद्याच्या आत पाऊल टाकलं.

चाचांनी माझं मनगट धरलं.

"कुठं?"

"उठवतो त्यांना. पाया पडतो. म्हणतो, चुकलं माझं. घरी चला म्हणतो."

"किती वाजता झोपला तो?"

मला ठाऊक नव्हतं... माझ्या बापाची झोपायची वेळ मला ठाऊक नव्हती.

"आठला येऊन पडतोय," चाचा म्हणाले. "डोळा लागायला दहा वाजतात. तवर कानात माग चालूच असतोय त्याच्या."

"मी मशीन विकून टाकतो, चाचा."

"ते तुझं तू बघ."

"मग निदान एवढं तरी करू द्या. दोन मिनिटं. तेवढं बोललो की माझ्या जिवाला बरं वाटंल..."

आत बाबांनी कूस बदलली. गुडघा मॉनिटरवर आपटला, पण जाग आली नाही. त्यांचा श्वास पुन्हा एका लयीत लागेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

मग चाचांनी मला हलकेच मागे ओढलं आणि पडदा सोडला.

"तुझ्या माफीसाठी बी," ते म्हणाले, "त्यानंच जागायचं व्हय?"