फाटकावरचा फळा

"पण तात्या, माझं चुकलं कुठे?"

तात्या खोपकर, आमच्या गोदीचे हेडक्लार्क, सुपारी कातरत होते. विचारणारा विद्याधर पाठारे, संख्याशास्त्राचा पदवीधर, नुकताच त्यांच्या हाताखाली आलेला. बोटीतून उतरलेला माल ट्रकवाल्यांच्या ताब्यात नेमका कधी मिळेल, याचं गणित त्याने बसवलं होतं. सकाळीच फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : माल पाचला मिळेल.

आणि पाचला माल खरोखर तयार होता. गोदीत असं पूर्वी कधी घडल्याचं मला आठवत नाही.

पाचलाच सगळे ट्रक फाटकात घुसले. आता आतला बाहेर पडेना, बाहेरचा आत शिरेना.

"वेळ बरोबर होती ना माझी?"

"अगदी बरोबर."

"मग...?"

तेवढ्यात काशिनाथ धुमाळ धावत आला. त्याचा ट्रक भरून आतच अडकला होता.

"पाठारेसाहेब, ओतूरला आज पोरीची सुपारी फुटायचीय. तुमच्या फळ्यावर विसंबून पाहुण्यांना रात्रीचं जेवण सांगितलं. आता बापाच्या जागी तुमचा फळा बसवू?"



तात्यांनी अडकित्ता ठेवला, चपला घातल्या आणि रांगेच्या शेपटाशी गेले.

शेवटच्या ड्रायव्हरला म्हणाले, "तुझ्या पेट्या अजून बोटीच्या पोटात आहेत. जेवून ये."

त्याच्या पुढच्याला, "तुझे कागद साहेबांनी परत पाठवलेत. चहा घे तोवर."

तिसऱ्याला नुसताच हात हलवला. तोही शिव्या घालत मागे सरला.

हळूहळू वाट झाली. धुमाळचा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

त्या काळी गोदीत खोटं बोलायलाही मुरलेला माणूस लागे. आता ते काम दिव्यांचे फलक करतात. पण 'जेवून ये' म्हणत नाहीत.

"तात्या, हे... हे सगळं खोटं होतं!"

"हो."

"त्यांचा माल आत तयार पडलाय!"

"पडलाय."

विद्याधरने फळा पुसायला हात उचलला. तो तसाच राहिला...

"मग खरं सांगायचं तरी कधी?"

तात्यांनी फाटकाकडे पाहिलं. सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"फाटक रुंद झालं की."