एका कंठाचे राज्य

एका राज्यात सारंगधर नावाचा कथाकार राहत असे. त्याची लेखणी अशी, की त्याने पाऊस लिहिला तर ऐकणाऱ्याच्या अंगरख्याला ओल येई, आणि मोगरा लिहिला तर भुंगे पोथीवर येऊन बसत. गावोगावी त्याच्या पोथ्या वाचल्या जात. एकच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती, खुद्द सारंगधराच्याही नाही. त्याच्या पोथ्यांतले राजे, चोर, कोळिणी, बैरागी, सगळे एकसारखे बोलत. सगळे सारंगधरासारखे बोलत.

त्या राज्याच्या सीमेवर, डोंगराच्या माथ्यावर, धूम्रकेतू नावाचा मांत्रिक तप करीत होता. एकदा त्याने महापुराला हात दाखवून परत फिरवले होते. त्या उपकाराची आठवण म्हणून राजा अरिमर्दनाने सारंगधराला त्याचे चरित्र लिहायला सांगितले. सारंगधराने सहा महिन्यांत पोथी पुरी केली. तीत मांत्रिक आपल्या आईचा निरोप घेतो तो अध्याय विशेष गाजला. "हे जननी, तव चरणांची धूळ मस्तकी धारण करून हा तुझा पुत्र दिगंतास निघाला," असे तो म्हणे, आणि ऐकणारे हुंदके देत.

दसऱ्याच्या दरबारी तोच अध्याय चालू असता मांत्रिक स्वतः आला. दार बंद होते. भिंतीने बाजूला होऊन त्याला वाट दिली.

"कथाकार तूच?"

"मीच," सारंगधर म्हणाला.

"माझी आई आंधळी आहे. बारा वर्षे माझी वाट पाहत होती. गावात तुझी पोथी वाचली गेली. ती पुढे जाऊन बसली, मुलाचं बोलणं कानी पडेल म्हणून. ऐकून म्हणाली, हा माझा नव्हे. माझा मेला असेल, आणि त्याच्या जागी हा कोणी उभा केला असेल. त्या दिवसापासून तिनं वाट पाहणं सोडलं. माझ्या साळुंकीनं मला हे सांगितलं."

सारंगधराने पुढ्यातली पोथी मिटली.

"मी तिला काय म्हणालो होतो, हे तुला ठाऊक नव्हतं. विचारायला यायचं होतंस. आता या राज्यात सगळे तुझ्याच कंठाने बोलतील, तुझ्याच शब्दांत. तुझ्या लेखणीने तिघांना त्यांचं बोलणं परत दे: तुझ्या घरातलं एक, राजवाड्यातलं एक, आणि तू कधी न पाहिलेलं एक. लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखव. खरं असेल तर त्याचा कंठ उघडेल. तिसरा उघडला की शाप सरेल."

"आणि मी चुकलो तर?"

"तर असंच राहील. शाप देणं माझ्या हाती होतं, काढणं नाही."

असे म्हणून मांत्रिक गेला आणि भिंत जागेवर आली. राजाने प्रधानाकडे पाहून तोंड उघडले, तो आवाज निघाला सारंगधराचा, खर्जातला, भरदार. प्रधानाने उत्तर दिले, तेही त्याच आवाजात.

सारंगधर घराकडे धावला. वाटेत वांगी विकणारी बाई म्हणत होती, "या हो रसिकहो, नीलमण्यांसम ही वृंताके पाहा!" आणि कोणी थांबत नव्हते. घरी त्याची चार वर्षांची मुलगी बकुळा धान्याच्या कणगीमागे लपली होती. बापाला पाहून ती त्याच्याच जाड आवाजात म्हणाली, "हे तात, मम माता कोठे अंतर्धान पावली?"

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. पण ती बोलली की बाप बोलल्यासारखे ऐकू येई, आणि लेक तिच्याजवळ जायला तयार नव्हती. सगुणेने, म्हणजे सारंगधराच्या बायकोने, तीनदा हाक मारली. मग तिने हाक मारणे सोडले आणि ती चुलीपाशी जाऊन बसली.

सारंगधराने तेव्हाच बोरू उचलला. लिहिले, "प्राणनाथ, आपल्यावाचून हा जीव जलावाचून मीनासम तळमळतो." आणि सगुणेला वाचून दाखवले. ती त्याच्याकडे पाहत राहिली. काही झाले नाही.

खिडकीत मांत्रिकाची साळुंकी येऊन बसली होती. शाप माणसांवर होता, पाखरांवर नव्हता. ती म्हणाली, "असं ती कधी म्हणाली?"

"म्हणाली नाही. पण तिच्या मनात असेल."

"मनातलं राहू दे. तोंडातलं लिही."

सारंगधराला आठवेना. अकरा वर्षांचा संसार, आणि बायकोचे एक वाक्य त्याला आठवेना. त्याला फार लाज वाटली. मग तो बोरू खाली ठेवून स्वयंपाकघरात पाटावर बसला. तीन दिवस नुसता बसला.

तिसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली, "नाथ, तप्त दुग्धपात्रावरील आच्छादन दूर सारावे." पण म्हणताना तिने हनुवटीने दुधाच्या पातेल्याकडे खूण केली. ती हनुवटी सारंगधराने ओळखली. हिने कधी कुठल्या वस्तूचे नाव घेतलेच नव्हते! हनुवटी उडवायची आणि म्हणायचे 'ते'. आणि अकरा वर्षे तो न चुकता उठून नेमके तेच आणून देत आला होता. त्याने घाईघाईने लिहिले आणि वाचले:

"अहो, त्याच्यावरचं ते काढा ना, नाहीतर परत ते होईल."

सगुणा थबकली. तिने गळ्याला हात लावला. तेवढ्यात दूध वर आले.

"अहो, बघत काय बसलात! गेलं ना ते सगळं!" ती ओरडली, आपल्या बारीक, किनऱ्या आवाजात. कणगीमागून बकुळा धावत आली आणि आईच्या पदरात शिरली. दूध चुलीत जळत राहिले. कोणी तिकडे पाहिले नाही.

थोड्या वेळाने डोळे पुसून सगुणा म्हणाली, "त्यांचं ते ऐकलंत का, वरच्यांचं?"

वरचे म्हणजे राजा. राजवाड्यातला लखू नावाचा मशालची झुंबर पुसत होता, ते हातातून निसटून फुटले होते. राजाने त्याला शिक्षा फर्मावली होती, आणि आज सूर्य माथ्यावर आला की ती अमलात यायची होती.

सारंगधर राजवाड्यात पोचला. राजा अरिमर्दन सिंहासनावर बसला होता आणि गरजत होता, "या अधमाचा तत्काळ शिरच्छेद करा!" गरजताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तो दोन्ही हातांनी नको नको करीत होता, पण दरबाराने आजवर राजाची जीभ मानली होती, हात कोणी मानले नव्हते. तलवारवाला लखूला घेऊन अंगणात उभा होता.

'शिरच्छेद करा.' सारंगधराच्या साऱ्या पोथ्यांतले राजे हेच म्हणत. मग हा राजा काय म्हणत असे? नऊ वर्षे सारंगधर याच दरबारात बसून रोजचे कामकाज उतरवीत आला होता. तो दफ्तरखान्यात धावला. त्याने कच्च्या वह्या काढल्या, आणि पानापानावर त्याला स्वतःचीच खाडाखोड दिसली. राजा बोलेल ते तो आधी जसेच्या तसे लिही, मग त्यातले निरर्थक म्हणून खोडी, आणि पक्क्या वहीत लिही, 'महाराजांनी गर्जना केली.' खोडलेल्या रेघांखाली अजून वाचता येत होते: 'बरं... असं म्हणता?' 'चूक आमचीही असेल की.' 'उद्या बघू या का?'

नऊ वर्षांत राजाने कोणालाच मारले नव्हते. त्याचे 'उद्या' कधी उजाडलेच नव्हते.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा सारंगधराने राजासमोर उभे राहून कागद वाचला:

"अहो, थांबा थोडे. झुंबराचे काय... तसेही ते आमच्या डोक्यात पडेलसे वाटायचे. लखूला लागले नाही ना? बाकीचे... उद्या बघू या का?"

राजाने दीर्घ श्वास घेतला. मग आपल्या मऊ, अडखळत्या आवाजात म्हणाला, "हो. म्हणजे... तेच म्हणायचे होते आम्हांला. सोडा त्याला. पाणी द्या."

तलवारवाल्याने तलवार खाली टाकली. लखू तिथेच जमिनीवर बसला. राजाने स्वतः उठून त्याला पाण्याचा तांब्या दिला.

आता तिसरे. साळुंकी पुढे उडाली आणि सारंगधर मागे चालला. तीन दिवस चालल्यावर डोंगराच्या कुशीत करवंदवाडी नावाचा पाडा लागला. एका खोपटासमोर हिरड्याच्या झाडाखाली मांत्रिक धूम्रकेतू बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सारंगधराला पाहून तो उठला नाही, बोलला नाही.

"शापानं देणाऱ्यालाही सोडलं नाही," साळुंकी म्हणाली. "सगळ्यांत म्हटल्यावर तोही आलाच."

मांत्रिकाने काडीने धुळीत लिहिले: 'दोनदा आत गेलो. दोनदा बोललो. आई म्हणाली, पंडितबुवा, पुढच्या घरी जा.'

सारंगधर त्याच्याजवळ बसला. आपल्याला कोणी शाप दिला हे त्याला त्या वेळी आठवले नाही. समोर बारा वर्षांनी घरी आलेला आणि दारातच अडकलेला एक लेक होता. "ज्याला मी कधी पाहिलं नाही, तो हाच," तो मनाशी म्हणाला. "धूम्रकेतूला मी पाहिलं. आईच्या मुलाला नाही."

तो खोपटात गेला. म्हातारी येसाई भिंतीला टेकून बसली होती. पावलांची चाहूल लागताच म्हणाली, "कोण अतिथी मम द्वारी उभा?"

"आजी, मी सारंगधर. ती पोथी माझी."

येसाईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. मग म्हणाली, "त्या ग्रंथातील पुरुष मम पुत्र नव्हे. मम पुत्र इतका भाषणपटू नव्हता."

"मग तो कसा बोले?"

तिने ओठ हलवले, पण तिच्याही तोंडी परकेच शब्द होते. तिला ते करून दाखवता येईना. तिने मान फिरवली.

सारंगधराने वेगळे विचारले. "रानातून घरी आला की पहिल्यांदा काय करायचा?"

म्हातारीचा चेहरा पालटला. "क्षुधित असूनही तो अन्न याचित नसे," ती म्हणाली. तिने दोन बोटांनी हवेत एक झाकण उचलले. "पाकपात्रात किती उरले ते चोरून पाहे. मग म्हणे, मार्गात कुणी मज भोजन दिले, तू आधी बैस." तिचा आवाज सारंगधराचाच होता, पण तो कापत होता. "आमुच्या मार्गावर, कथाकारा, एकही गृह नव्हते."

"आणि गेला त्या दिवशी?"

"त्या दिवशीही तेच वदला. अन्य काही नाही."

सारंगधर बाहेर आला. पहिला कागद लिहून त्याने मांत्रिकाला वाचून दाखवला: "आई, मला भूक नाही, तू जेवून घे." मांत्रिकाने नकाराची मान हलवली. सारंगधराने तो फाडला. "तिला काय म्हणून हाक मारायचास?" त्याने विचारले. धुळीत अक्षरे उमटली: 'आये.' दुसरा कागद: "आये, तुझ्यासाठी मी उपाशी राहीन." मांत्रिकाने खाली मान घातली. हे तर तो मेला तरी बोलला नसता. जे लपवायचे तेच सारंगधराने सांगून टाकले होते.

सारंगधराने डोळे मिटले. दोन घास उरलेले मडके आणि ते पाहणारा लेक त्याने समोर आणला. लेकाला वाटते आहे, आईला कळू नये. आईला सगळे कळते आहे, आणि कळल्याचे ती दाखवत नाही. मग त्याने तिसरा कागद लिहिला. एवढा छोटा मजकूर त्याने जन्मात लिहिला नव्हता. तो त्याने हळू आवाजात वाचला.

मांत्रिक उठला. उंबऱ्यापाशी गेला आणि म्हणाला,

"आये. म्या वाटंत खाऊन आलोय गं. तू बस आदी."

आवाज घोगरा होता, थोडा चिरका, ओबडधोबड. दुसऱ्या कोणाचा नव्हता.

येसाईने भिंत सोडली. आंधळे हात पुढे करून ती दोन पावले आली. तिने त्याचा चेहरा चाचपला, दाढी ओढली, कान पिरगाळला.

"धोंड्या?" ती म्हणाली. "वाटंत कंचं घर हाय रं मुडद्या, तुला खाया घालायला? बारा वर्सं! बारा वर्सं तीच थाप!" आणि त्याला छातीशी धरून ती रडू लागली, आपल्या स्वतःच्या, फुटक्या, पातळ आवाजात.

ज्या क्षणी तो तिसरा कंठ उघडला, त्या क्षणी राज्यभर सगळ्यांचे उघडले. घाटाघाटावर नावाड्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या. आज्यांनी नातवंडांना नावे ठेवली. बकुळा कणगीवर चढून चिवचिवली. प्रधान तोतरा होता, तो पुन्हा तोतरा झाला आणि आनंदाने तोतरा बोलत सुटला.

धोंडू मांत्रिक बाहेर येऊन सारंगधराला म्हणाला, "मला माफ कर. मी बारा वर्षे आलो नाही, आणि राग तुझ्यावर काढला."

"पोथी माझीच चुकली होती," सारंगधर म्हणाला. "ती मी पुन्हा लिहीन."

आतून येसाई ओरडली, "लिव्ह की! म्याबी हाय का तिच्यात? मग माज्या शिव्याबी घाल. आन आदी जेवाय ये. भूक न्हाई म्हनलास तर बघ!"

तो जेवला, आणि निघाला. असे ते राज्य पुन्हा हजार कंठांचे झाले. लखूने नवे झुंबर टांगले, आणि राजा त्याच्यापासून चार हात दूर बसू लागला.

जाताना तीन दिवसांत सरलेली वाट सरायला सारंगधराला येताना सात दिवस लागले. पारापारावर, पाणवठ्यावर तो थांबे. लिहीत काहीच नसे. सातव्या दिवशी नदीच्या उतारावर एक म्हातारा आणि त्याची बायको, म्हैस आधी पलीकडे न्यायची की गवताचा भारा, यावरून भांडत होते. सारंगधर एका दगडावर बसला, पाय पाण्यात सोडले, आणि त्यांचे भांडण संपेपर्यंत तिथून हलला नाही.