यादीतली नवरी

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे व्हायचा होता. नाव गजाबा. स्वतःच्याच साखरपुड्याला तो एक दिवस उशिरा पोचला. मांडव सुटला होता, पेढे संपले होते. उरले होते फक्त होणारे सासरे, शिदूअण्णा. तेही लालबुंद.

गजाबाच्या वहिनीने कपाळाला हात लावला. ती बचत गटाची अध्यक्ष, तिची सगळी कामं फोनवर चालायची. तिने गजाबाच्या फोनात कॅलेंडर लावून दिलं.

"भावजी, फोन वाजला की हातातलं टाकायचं आन निघायचं."

"आलं ध्यानात, वैनी."

अण्णांचा राग घालवायला गजाबा त्यांच्याकडे मदतीला गेला. अण्णा छपरावरची कौलं नीट करत होते. गजाबाने खालून शिडी धरली होती. फोन वाजला, 'म्हशीला वैरण'. गजाबाने हातातलं टाकलं आणि निघाला. हातात शिडी होती. शिडीवर अण्णा होते.

अण्णा उकिरड्यात पडले म्हणून वाचले. त्याचं श्रेय उकिरड्याला.

"अवो, हातातलं काम आधी पुरं करायचं!" वहिनी ओरडली. "पुरं झालं की टिक मारायची. टिक मारली की ते काम मिटलं."

"आलं ध्यानात, वैनी."

वहिनी माहेरी गेली. गजाबाने म्हशीला वैरण घातली, टिक मारली. दुसऱ्या दिवशी म्हैस रेकायला लागली. गजाबाने तिला फोन दाखवला.

"तुझी टिक झालीया."

म्हशीला वाचता येत नव्हतं. तिने दावं तोडलं आणि बांधापलीकडचा मका साफ केला. मका कुणाचा? अण्णांचाच. त्या बांधाला दुसरं कोण होतं?

अण्णा लंगडत आले. "आता एक जरी येडेपणा झाला, तर पोरगी देनार न्हाई!"

गजाबा खरोखरच रडला. अण्णांच्या हौसावर त्याचा जीव होता. तिचं नाव त्याने फोनात कधी टाकलं नव्हतं, तरी तेवढं एक तो विसरला नव्हता.

माहेराहून आलेल्या वहिनीला त्याची दया आली. तिने समजावलं, "पोट रोज लागतंय, भावजी. जे चुकवून चालत न्हाई, ते रोज वाजंल असं लावायचं. आन लग्नाची यादी मी करते. यादीत हाय तेवढंच करा. सोताची अक्कल घालू नका."

"ती कधीच घालत न्हाई, वैनी."

लग्नात गजाबा शहाण्यासारखा वागला. हळद, टिक. बाशिंग, टिक. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, हार घातला, टिक. जेवण झालं. शेवटी यादीत होतं, 'घरी येणे'.

वहिनी पुढे येऊन उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून उभी होती. गजाबा मोटारसायकलवरून उतरला. एकटाच.

"नवरी कुठाय?"

"यादीत नव्हती."

वहिनी मटकन खाली बसली. मग तिने त्याला तसंच परत पिटाळलं. "आधी फोनात टाका, 'हौसाला घरी आणणे'. आता हे चुकलं तर मी तुमची वहिनी न्हाई!"

मांडवात अण्णा काठी शोधत होते. गजाबाने त्यांचे पाय धरले. हौसा मात्र पदरात तोंड घालून हसत होती. "जाऊ द्या, अण्णा. परत आलं की न्यायला! रोज हसायला तरी मिळंल." ती मोटारसायकलवर मागे बसली. अण्णांनी काठी खाली ठेवली.

हौसाने माप ओलांडलं. गजाबाने टिक मारली. घरात आनंदीआनंद झाला.

सकाळी हौसाने पहिला चहा केला. गजाबाने एक घोट घेतला आणि फोन वाजला. काम चुकवून चालणार नव्हतं, म्हणून त्याने ते रोज वाजेल असं लावलं होतं. उरलेला चहा त्याने एका दमात संपवला, हातातलं काम पुरं केलं, मोटारसायकलला किक मारली आणि थेट अण्णांचं दार वाजवलं.

अण्णा दात घासत बाहेर आले. "का, जावईबापू? पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की."

"मग?"

"न्यायला आलोय."

"अवो, काल न्हेली की!"

"तिची टिक झाली, मामा," गजाबा नम्रपणे म्हणाला. "आजची द्या."