पैलतीराचा दाखला

एका नदीच्या काठी एक राज्य होतं. नदीवर बारमाही धुकं असे. पैलतीरी दुसरं राज्य होतं. तिथली घंटा ऐकू येई, कधी कुणाचं गाणं पाण्यावरून तरंगत येई, पण दिसत काहीच नसे. स्वप्नातलं गाव असावं, तसा तो पैलतीर.

अलीकडच्या राजाला मात्र त्याचा फार उपयोग होई. रस्ता खचो की कोठारातलं धान्य किडो, उत्तर ठरलेलं: "पैलतीरी याहून वाईट आहे." दरबारी माना डोलवत आणि तक्रार घेऊन आलेला माणूस आपलं नशीब बरं म्हणत घरी जाई.

तिथं ठकूबाई नावाची म्हातारी होती. तिची सून गरोदर होती. घाटाच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, वर शेवाळ. एकदा सून घसरली. घागर फुटली, पोट थोडक्यात वाचलं. ठकूबाई तडक दरबारात गेली.

"महाराज, घाट नीट करा."

"बाई, पैलतीरी रोज कुणी ना कुणी घाटावर पडतं."

"पडत असेल. म्हणून माझ्या सुनेचा पाय इथं ठरेल होय?"

दरबार हसला. ठकूबाई नाही हसली. ती एका कोळ्याच्या होडीत बसली आणि धुक्यात शिरली. ना वर आभाळ, ना खाली पाणी. आपण जागे आहोत की झोपेत, तेही तिला कळेना.

होडी लागली तेव्हा समोर घाटच होता. जात्याला टाकी लावतात तशी पायरी न् पायरी छिन्नीनं टाकी लावून खरबरीत केलेली. एक बाई भरली घागर घेऊन खुशाल चढत होती. तिचं नाव म्हाळसा.

"इथं रोज माणसं पडतात ना गं?"

"टाकी लावल्यापासून कुणी नाही, मावशी. आमचं दुखणं वेगळंच. कोठार गळतंय. राजा म्हणतो, समोर तर धान्य किडलंय, गप बसा."

"ते खरंच किडलंय," ठकूबाई म्हणाली. "पण त्यानं तुमचं गळायचं थांबलं का?"

दोघी हसल्या. मग ठरलं: आज म्हाळसानं अलीकडच्या दरबारात यायचं, उद्या ठकूबाईनं पैलतीरच्या.

"पुन्हा आलीस?" ठकूबाईला पाहून राजा म्हणाला. "अगं, पैलतीरी तर..."

"पैलतीरची मीच, महाराज," म्हाळसा म्हणाली. "बोला." आणि तिनं पायऱ्यांची हकिकत सांगितली.

प्रधान उसळला, "त्यांची गोष्ट वेगळी! त्यांची आपली तुलना कशी होईल?"

"वा, प्रधानजी!" ठकूबाई कडाडली. "वाईट सांगायचं तेव्हा पैलतीर आपला शेजारी, आणि चांगलं दिसलं की परका? नदी एकच आहे. दगडही तोच. काय वेगळं आहे ते दाखवा, नाहीतर पाथरवट बोलवा."

राजानं मान खाली घातली आणि पाथरवट बोलावले. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ठकूबाई पैलतीरच्या दरबारात गेली.

काही दिवसांनी सून घागर घेऊन घाट उतरली. धुकं इतकं दाट होतं की तिला पायरी दिसत नव्हती. तिनं पाऊल टाकलं. ते ठरलं.

तात्पर्य: शेजाऱ्याकडे शिकण्यासाठी जरूर पाहावं, पण आपली चूक झाकण्यासाठी दिलेला त्याचा दाखला खरा असला, तरी ते उत्तर नव्हे.