येसबाची चाल

फार वर्षांपूर्वी, टेकाईच्या डोंगराला पायऱ्या नव्हत्या आणि खालच्या नदीवर पूल नव्हता, त्या काळी आंबळखेड गावात येसबा नावाचा एक माणूस होऊन गेला. अंगानं काटकुळा, बोलायला कमी. पण सकाळी धावायला लागला की दिवस मावळेपर्यंत थांबायचा नाही. त्याच्या मागं उडालेली धूळ खाली बसायच्या आत तो पुढच्या गावाला पोचलेला असे, असं म्हणतात.

डोंगराच्या या अंगाला आंबळखेड, त्या अंगाला मोरदरे. मधे टेकाईचं कुरण आणि कुरणात बारमाही झरा. उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या जनावरांना पुरेल एवढं गवत तिथं नव्हतं. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. चैत्रातल्या जत्रेला दोन्ही गावांचा एकेक धावणारा सूर्य उगवताना टेकाईदेवीच्या देवळापासून निघायचा. साऱ्या डोंगररांगेला वळसा घालायचा, घसरंड नावाचा उभा उतार उतरून नदीवर जायचं, मातीच्या बोळक्यात पाणी भरायचं आणि पुन्हा डोंगर चढून ते देवीच्या पायांवर घालायचं. ज्याचं पाणी आधी पोचेल, त्याच्या गावाला त्या उन्हाळ्यापुरतं कुरण.

येसबा धावायला लागल्यापासून आंबळखेडची जनावरं कधी उपाशी राहिली नव्हती.

एका वर्षी काय झालं, घसरंड उतरताना त्याचा एक पाय ओल्या दगडावरून सटकला आणि दुसरा मागंच राहिला. जांघेत करकन काहीतरी तुटल्यासारखं झालं. तरी गडी उठला, नदीवर गेला, पाणी घेऊन पहिला आला. गावानं त्याला खांद्यावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी त्याला उंबराही ओलांडता येईना.

त्याची बायको चिमा म्हणाली, "अवं, नक्की दुखतंय कुठं?"

आता ओसरीवर पाटील बसलेले, चार बायका आलेल्या, वैद्य येऊन टेकलेले. एवढ्या लोकांत जांघेचं नाव कसं घ्यायचं? येसबा लाजला आणि म्हणाला, "गुडघा."

झालं. साऱ्या गावानं त्याच्या गुडघ्याची सेवा मांडली. वैद्यांनी लेप दिला, तो गुडघ्याला. कुणी एरंडाचं तेल आणून चोळलं, ते गुडघ्याला. चिमा रोज वाळूची पुरचुंडी तापवून शेकत होती, तेही गुडघ्यालाच. बिचारा निमूटपणे शेकून घेई. एकदा गुडघा म्हटल्यावर आता दुसरं काय सांगणार?

त्यात येसबाला आणखी एक खोड. जरा दुखायचं थांबलं की उठायचा आणि बरं झालं का ते बघायला धावून यायचा. धावून आला की पुन्हा जांघ धरायची, पुन्हा अंथरूण. पावसाळा गेला, हिवाळा गेला, दुखणं काही हलेना.

चैत्र आला. येसबा दात आवळून धावला. घसरंडीवर पायानं दगा दिला आणि तो बसला तो बसलाच. मोरदऱ्याच्या दौलतनं पाणी नेलं. दौलत तरणाबांड होता, कोवळ्या बैलासारखा उसळणारा.

त्या उन्हाळ्यात आंबळखेडची जनावरं चाऱ्यासाठी लांब लांब हाकावी लागली. सगळी परत आली नाहीत. चिमानं लेकरासारखी वाढवलेली कपिली गायही वाटेतच बसली, ती उठली नाही. येसबाला कुणी उणा शब्द बोललं नाही, आणि त्याला तेच सोसवेना. गावात एवढं अंतर धावणारा दुसरा कुणी नव्हता. पुढच्या चैत्रालाही पाणी आणता आलं नसतं, तर लोक गाव सोडून जायला लागले असते.

कुंभारवाड्यात गजराआत्या राहायची. म्हातारी, तोंडाची तिखट, पण मनानं मऊ. येसबा तिच्याकडं रांजण न्यायला गेला, तेव्हा ती अंगणात माती तुडवत होती. तिनं त्याची चाल पाहिली आणि पाय थांबवले.

"काय रं, गुडघा दुखणारा माणूस असा फेंगडा चालतो होय?"

"गुडघाच आहे, आत्या."

"मला शिकवतो? मी गाढवावरून पडले होते तेव्हा अशीच चालत होते. खरं सांग."

येसबानं इकडं तिकडं पाहिलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तो हळूच म्हणाला, "जांघेत, आत्या."

आत्या इतकी हसली, इतकी हसली, की चाकावरचं मडकं कलंडलं. "अरे मुडद्या! वर्षभर साऱ्या गावानं तुझ्या गुडघ्याला तेल चोळलं! तेवढ्या तेलात दिवाळी झाली असती की!"

वैद्यांना कळलं तेव्हा तेही पोट धरून हसले. "मी तरी काय करू, बाबा? तू सांगितलास तो गुडघा मी अगदी ठणठणीत ठेवला." मग त्यांनी जांघेला लेप दिला आणि धावायचं नाव काढू नको म्हणून बजावलं.

ठणका उतरल्यावर आत्यानं त्याला मातीत उभं केलं. "पाय बाजूला टाक. आता माती ओढत आत घे. हळू. दुखलं की थांब. ओलं मडकं भट्टीत घातलं तर त्याच्या खापऱ्या होतात, तेच तू करत आलास."

येसबा माती तुडवायला लागला. ज्याच्यापुढं वारा मागं पडायचा, तो माणूस अंगणात गोल गोल फिरत होता. लोक कुंपणापाशी थांबून बघायचे. कुणी म्हणे, "काय येसबा, आज कुठवर पोचलास?" येसबा म्हणे, "चाकापासून भट्टीपर्यंत आलो. उद्या परत जाईन." पुढं पुढं त्याचा तोच हसायला लागला.

आधी ढोपरभर माती, मग घट्ट माती, मग वाळू मिसळलेली. पाय आतून भरत गेले. थंडी पडली तेव्हा आत्यानं त्याला चालायला सोडलं, पुढं सपाटीवर धावायला. त्या वर्षी येसबानं तुडवलेल्या मातीचं एकही मडकं भट्टीत फुटलं नाही आणि त्यातलं पाणी भर उन्हातही दातांना झिणझिण्या आणायचं, असं म्हणतात.

जत्रेच्या सकाळी आत्यानं त्याच्या कमरेला बोळकं बांधलं. ते त्यानंच तुडवलेल्या मातीचं होतं. ती म्हणाली, "घसरंडीवर चालायचं. पुढं कुणी का असेना. माझी शपथ आहे."

सूर्य वर आला आणि दोघं निघाले. डोंगररांगेवर येसबा आणि दौलत खांद्याला खांदा लावून धावत होते. घसरंड आली. दौलतनं एका दमात खाली झेप घेतली. येसबा उताराच्या तोंडाशी थांबला, आणि चालायला लागला.

घसरंडीच्या काठावर सारं आंबळखेड उभं होतं. "पळ येसबा, पळ!" लोक ओरडत होते. पाटलांनी पागोटं काढून हलवलं. चिमानं डोळे मिटून घेतले. खाली दौलत ठिपक्याएवढा झाला, मग दिसेनासाही झाला. येसबाचे पाय पळायला शिवशिवत होते. त्याला कपिली आठवली. डोळ्यांत पाणी आलं, पण पाऊल बदललं नाही. एक पाय बाजूला, माती ओढत आत. तो चालला तिथं तिथं सुटे दगड आपोआप बाजूला सरकले आणि त्याच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई चालताना दिसली, असं म्हणतात.

उतार संपला आणि येसबा धावला. असा धावला की नदीत पाय घातला, पण पाणी उडालं नाही.

बोळकं भरून तो परत फिरला, तर वरच्या चढावर दौलत बसलेला दिसला. पाय पोटाशी घेतलेला, बोळकं फुटलेलं.

येसबा थांबला. "कुठं दुखतंय, गड्या?"

दौलतनं मान खाली घातली. "गुडघा."

येसबाला हसू आवरेना. त्यानं खाली वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खरं सांग. मी कुणाला सांगत नाही."

मग तो चढ चढून गेला. सूर्य अजून बराच वर होता, तेव्हा नदीचं पाणी टेकाईच्या पायांवर पडलं. बोळक्यातला एक थेंबही वाटेत सांडला नव्हता. चिमानं सगळ्यांदेखत नवऱ्याचे चिखलाचे पाय पदरानं पुसले.

आठवडाभरानं दौलत लंगडत कुंभारवाड्यात आला. आत्या म्हणाली, "या! माझ्या मातीला मोरदऱ्याचेही पाय लागू देत." त्या उन्हाळ्यात मोरदऱ्याची जनावरं झऱ्यावर आली, तेव्हा आंबळखेडच्या कुणी काठी उगारली नाही.

आता कुरणासाठी कुणी धावत नाही. डोंगराला पायऱ्या झाल्या, नदीवर पूल झाला. पण जत्रेची धाव आजही होते, आणि पोरीही धावतात. धावायच्या आधी कुंभारवाड्यातल्या अंगणात मातीचा ढीग घालतात. प्रत्येक जण त्यात उतरून एक फेरी मारतो. कुणी लंगडताना दिसलं तर म्हातारी माणसं विचारतात, "कुठं दुखतंय?" तेव्हा दुखऱ्या जागेवर हात ठेवून खरं सांगायचं, लाजायचं नाही, अशी तिथली रीत आहे.

आणि घसरंडीवर कुणीही धावत नाही. पहिला असो की शेवटचा, उताराच्या तोंडाशी थांबायचं आणि चालत उतरायचं. तिथं कुणी कुणाला ओलांडत नाही. त्या उताराला आता घसरंड म्हणत नाहीत, येसबाची चाल म्हणतात. काठावर दोन्ही गावं उभी असतात, पण ओरडत कुणी नाही. सगळे धावणारे एकामागं एक खाली उतरतात, आणि तेवढा वेळ डोंगरावर फक्त पावलांचा आवाज येत राहतो.