झाकलेला धडा

लहानपणी शाळेच्या भिंतीआडून औटकी ऐकू यायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आत मुलं एका सुरात तो म्हणायची आणि बाहेर मी शेळ्या राखत उभा असायचो. शाळा माझ्या वाट्याला फार आली नाही. त्या पाढ्याचा अर्थही मला कळत नव्हता. पण आकडे एकामागून एक असे आपापल्या जागी येऊन बसायचे की गाभाऱ्याच्या दाराशी उभं राहिल्यासारखं वाटायचं. आत कुणीतरी फार मोठं आहे, एवढंच समजायचं. गणिताचं माझं ज्ञान तेवढ्यावरच थांबलं. पण ज्या गोष्टीत ते मोठं कुणीतरी क्षणभर दिसतं, ती गोष्ट सांगावीशी वाटते.

एकदा एक आई आपल्या मुलीला घेऊन स्वतःच्या लहानपणच्या गुरुजींकडे आली. गुरुजी आता फार थकले होते. डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा घरात राहत. चैत्र सरत आला होता. दारची चिंच झोडून, फोडून झाली होती आणि ओसरीवर सुपात चिंचोके वाळत पडले होते.

"ये बकुळा, ये," गुरुजी म्हणाले. "आणि ही कस्तुरी ना? बस गं बाळ. पाणी पी आधी."

बकुळा बसली, पण पाणी तिने घेतलं नाही. "गुरुजी, हिला मी शाळेतून काढलं. घरीच शिकवते."

"कानावर आलं होतं. का काढलंस?"

"गणिताचा तास आला की हिच्या पोटात दुखायचं. सोंग नव्हे हो, खरंच दुखायचं. डबा तसाच परत यायचा. घरी आल्यापासून बाकी सगळं जमतंय. वाचते, लिहिते, झाडांची नावं सांगते. गणित मात्र नाही. हिचे बाबा म्हणतात, जूनपर्यंत गणित लागलं तर ठीक, नाहीतर पुन्हा शाळा. पुन्हा तिथे गेली तर..." 

बकुळाने पिशवीतून पाटीएवढं एक यंत्र काढलं. "इंटरनेटवर गणिताचे अभ्यासक्रम फुकट मिळतात, गुरुजी. मोठमोठ्या विद्वानांनी केलेले, एकाहून एक चांगले. कुठला घ्यावा ते कळेना, म्हणून चांगले वाटले ते चारही घेतले. सकाळी एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी..."

गुरुजी हसू लागले. "चार वैद्यांचे काढे एकाच दिवशी? आणि रोगी अजून उभा आहे?"

बकुळालाही हसू आलं, पण डोळे भरलेलेच होते. "फुकट होते ना गुरुजी. एकही सोडवेना."

"आजोबा," कस्तुरी मध्येच म्हणाली, "एकात भागाकार वरून खाली करतात, एकात डावीकडून उजवीकडे, आणि एकात डबे भरतात. मला कुठलाच येत नाही." आपलं नाव सांगावं इतक्या सहजपणे तिने ते सांगितलं. गुरुजींचं हसू मावळलं.

"बरं," ते म्हणाले. "चारही मला दाखव."

कस्तुरीने पहिला अभ्यासक्रम लावला. त्यात एक बाई हसऱ्या चेहऱ्याने फार छान समजावून सांगत होत्या. धडा ऐन रंगात आला आणि गुरुजींनी खांद्यावरचं उपरणं काढून यंत्रावर टाकलं, आवाजही बंद करायला लावला. कस्तुरीने सुटकेचा श्वास सोडला आणि ती अंगणातल्या मांजराकडे धावली.

गुरुजींनी तिला थोडं खेळू दिलं. काही वेळाने तिला हाक मारून दुसरा धडा लावायला सांगितला. त्यात उत्तर बरोबर आलं की घंटा वाजे आणि तारा मिळे. पुन्हा मध्येच उपरणं पडलं. कस्तुरीचा चेहरा कसनुसा झाला. "माझे तारे गेले का हो आजोबा?" एवढंच तिने विचारलं. तिसऱ्या वेळी तर उपरणं पडायच्या आतच ती मांजर कुठे दिसतंय का ते पाहत होती.

बकुळाचा धीर सुटत चालला होता. एवढ्या लांबून उन्हातून आलो ते काय यासाठी? पण गुरुजींना कसं बोलणार?

चौथा अभ्यासक्रम दिसायला अगदी साधा होता. चेहरा नाही, गाणं नाही. फक्त एक हात कागदावर ठिपका काढत होता आणि एक संथ आवाज विचारत होता, "हा एका ठिपक्याचा चौकोन. याच्या उजवीकडे आणि खाली ठिपके मांडून पुढचा चौकोन करायचा. किती ठिपके लागतील?" आवाज थांबला. हातही थांबला.

आणि तेवढ्यात उपरणं पडलं.

"गुरुजी!" बकुळा न राहवून म्हणाली. "उत्तर तरी येऊ द्या की! प्रत्येक वेळी पोरीला असं अर्ध्यावर काय तोडता?"

गुरुजींनी तिला हातानेच थांबवलं. कारण कस्तुरी उठली नव्हती. ती उपरण्याकडे पाहत बसली होती. मग तिची नजर सुपाकडे गेली. तिने एक चिंचोका उचलून फरशीवर ठेवला. त्याच्या कडेने तीन मांडले, चौकोन झाला. त्याच्या कडेने पाच मांडले; पुन्हा चौकोन झाला. मग सात. ती एकदम गुडघ्यांवर उठली.

"आई! दर वेळी दोनच जास्त लागतात! तीन, पाच, सात... आणि दर वेळी चौकोन होतोच!"

"होतो खरा," बकुळा पुटपुटली.

"पण का होतो?"

  चार चिंचोक्यांची ओळ आणि अशा चार ओळी, इतकीच गोष्ट. पण त्या तिघांसमोर असं काही मांडलं गेलं होतं, जे कुणी केलं नव्हतं आणि कुणाला मोडता येणार नव्हतं. जन्मभर गणित शिकवलेल्या त्या वृद्धाने नकळत हात जोडले.

कस्तुरी पुन्हा खाली वाकली. मग गुरुजी हलक्या आवाजात बोलू लागले.

"बकुळा, यंत्र चालू होतं तेव्हा चारही धडे सारखेच दिसत होते. पोरगी बघत होती, तिचं बोट चालत होतं, तूही समाधानी होतीस. शिकणं यंत्रात चाललंय की मुलीत, हे तेव्हा दिसत नाही. म्हणून झाकलं. तीन धडे उपरण्याखालीच राहिले. चौथा बाहेर आला आणि पोरीच्या हातात जाऊन बसला. तो हिचा."

"म्हणजे बाकीचे वाईट?"

"छे गं. दुसऱ्या एखाद्या लेकराला ती घंटाच जागं करील. लोकांनी जीव ओतून केलेलं आहे ते, आणि वर फुकट वाटतात. त्यांना नमस्कारच. पण मेजवानी कितीही मोठी असली तरी खाणाऱ्याची भूक ज्याची त्यालाच माहीत."

"आणि पुढे, गुरुजी? पुढच्या इयत्तांना हाच पुरेल?"

"ते मला सांगता येत नाही, बाळ. अडेल तेव्हा पुन्हा झाकून बघ. आणि हिला आश्चर्य वाटत असेल तेव्हा शाबासकीची घाई करू नकोस. आश्चर्य ओसरायला वेळ लागतो, तो तिला दे."

उन्हं उतरली तेव्हा कस्तुरीचे बाबा दोघींना न्यायला बाजाराकडून आले. काखेत कापडाच्या दुकानाची पिशवी होती. अंगणातूनच ते म्हणाले, "गणवेशाचं कापड घेऊन टाकलं गं. उगाच जूनची वाट कशाला बघायची? हिला काही ते—"

"बाबा, थांबा! ओसरीवर पाय नको, मोडेल!"

चौकोन ओसरीच्या कडेपर्यंत पोचला होता. बाबांनी उचललेला पाय मागे घेतला. पाहत राहिले. मग सवयीने विचारलं, "आता याच्या पुढच्याला किती लागतील?"

असा प्रश्न कुणी विचारला की ती पोट धरायची. 

"पंधरा," कस्तुरी मान वर न करता म्हणाली.

"मोजलेस कधी?"

"मोजावं कशाला लागतं, बाबा? मागच्याला तेरा लागले ना." आणि ती चिंचोके वेचू लागली.

बाबांनी मनातल्या मनात दोन वेळा हिशेब केला.  पायरीखाली घरंगळलेला एक चिंचोका त्यांनी वाकून उचलला, मुलीच्या हाताशी अलगद ठेवला, आणि काखेतली पिशवी तशीच घेऊन, दुकान बंद व्हायच्या आत पोचायला, ते आल्या वाटेने बाजाराकडे परत निघाले.